रविवारी बसवतो

मी डावा. मोटारीचं मागचं दार, लोक ज्याला डिकी म्हणतात, ते उघडलं की वर राहतं ना, ते आपल्या मनाने राहत नाही. दोन बाजूंना दोन काळे दांडे असतात. त्यातला डावा मी, आणि पलीकडे माझा जोडीदार, उजवा. तुम्ही आम्हाला कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. दार डोक्यावर नीट उभं आहे तोवर ते कोणाच्या जिवावर उभं आहे हे बघायला कोण मान वळवतो?

आता मी दाराला नाही. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात गाडी उभी असते. त्या शेडमधल्या फळीवर, वाकड्या खिळ्यांच्या डब्याशेजारी मी आडवा पडलोय. इथून गाडीची मागची बाजू स्वच्छ दिसते. माझ्या जागी आलेले नवे दोघंही दिसतात. काम नाही, त्यामुळे बोलायला सवड आहे. ऐकणार असाल तर ऐका.

माझं शरीर अगदी साधं. एक लोखंडी नळकांडं, त्यात आत-बाहेर सरकणारी, आरशासारखी घासलेली दांडी, नळकांड्याच्या तोंडाशी रबराचं कडं, आत थोडं तेल आणि ठासून भरलेला वायू. तो वायू म्हणजेच माझा जीव. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एका बाईने मला दाबलं आणि सोडलं. मी उसळून ताठ झालो. तिने मान हलवली आणि पुढच्याला उचललं. माझ्या वाट्याचं कौतुक तेवढंच. त्याच दिवशी उजव्याशी माझी गाठ पडली. आम्ही जोडीनेच बाहेर पडतो. एकट्याने पेलायचं आम्हाला शिकवलेलंच नसतं.

आमचा पहिला मालक विमा विकायचा. त्याचं सगळं जग एका चामडी बॅगेत मावायचं आणि ती बॅग शेजारच्या सीटवर बसायची. डिकी तो जवळजवळ उघडायचाच नाही. आम्ही दोघं मिटल्या दाराआड घडी घालून पडलेले. माझी उमेद तेव्हा काय होती म्हणून सांगू! कोणीतरी दार उघडावं, आणि आम्ही ते असं वर न्यावं की बघणाऱ्याने चार पावलं मागे सरावं. पण त्याला काय त्याचं.

मग गाडी विकली गेली आणि टर्नर आला.

टर्नर म्हणजे लेथवर लोखंड कातणारा माणूस. सगळे त्याला तेच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. गाडी घेताना लोक रंग बघतात, सीट दाबून बघतात. हा गडी आधी मागे आला. त्याने दार थोडंसं उचललं आणि हात काढून घेतला. आम्ही ते सुरकन वर नेलं. तो हसला. शेजारी त्याची बायको उभी होती, तिला म्हणाला, "बघ, बघ! बोट लावायला लागलं नाही. दांडे अजून जिवंत आहेत."

"गाडी दांड्यांवर चालते का हो?" ती म्हणाली.

"गाडी कशावरही चालते. ती कशी ठेवलीय हे अशा बारक्या ठिकाणी कळतं."

खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणीतरी आहोत.

तो माणूस जाणता होता. महिन्यातून एकदा तो गाडी धुवायचा, आणि शेवटी एका मऊ कापडाने माझी दांडी पुसायचा. लेक लहान होती, ती विचारायची, "बाबा, ग्रीस नाही लावायचं?" तो म्हणायचा, "अजिबात नाही. ग्रीसला धूळ चिकटते, धूळ रबर खाते. नुसतं पुसायचं. काही गोष्टींना नुसतं पुसलं तरी पुरतं." मग तो डिकीच्या कडेवर बसायचा, लेक त्याच्या मांडीशी, आणि बायको घरातून चहाचे कप घेऊन यायची. आम्ही त्यांच्या डोक्यावर दार धरून उभे. घराला छप्पर असतं हे मला ऐकून माहीत होतं. त्या घराचं एक छप्पर आम्ही होतो.

असे दिवस गेले. पोरगी मोठी झाली, कॉलेजात जायला लागली. आणि एक दिवस टर्नर भरदुपारी घरी आला.

त्याने डिकी उघडली तेव्हा आत त्याच्या कारखान्यातल्या कपाटातलं सामान होतं. कामाचे बूट, निळा डगला, एक फुटका आरसा, हत्यारांची पेटी. कारखान्याला कुलूप लागलं होतं. सामान काढायला म्हणून त्याने दार उघडलं आणि काही न काढता तो पुढे जाऊन स्टिअरिंगमागे बसला. बसूनच राहिला. बायको बाहेर आली, तिने सामान पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि एकेक वस्तू आत नेली. शेवटी ती म्हणाली, "चला आत. चहा ठेवलाय." तो म्हणाला, "येतो." दार मात्र कोणीच मिटलं नाही. आम्ही ते धरून उभे राहिलो, अंधार पडेपर्यंत.

माणूस एका दिवसात मोडत नाही. तो सुरुवातीला रोज दाढी करून बाहेर पडायचा. मग एक दिवसाआड. मग त्याने खिडकीजवळची खुर्ची धरली. घरात काही बिघडलं की तो म्हणायचा, "बाहेरच्याला बोलवू नका. मी आहे ना. रविवारी करतो." ज्याला सगळेच वार सारखे झाले होते, तो रविवारचा वायदा करायचा. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

संसाराचं ओझं बाईवर आलं. ती पूर्वीपासून पडदे शिवायची, शेजारपाजारचे, हौसेने. आता तिने तेच काम पोटासाठी धरलं. ती गाडी चालवायला शिकली. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड दाखवायचं, शिवून परत जाऊन टांगून द्यायचं. डिकीत कापडाचे ताके, लाकडी दांड्या, घडीची शिडी, आणि तिची ती मोठी कात्री, जिच्या मुठीला तिने चिंध्या गुंडाळल्या होत्या. दिवसातून कितीदा दार उघडायचं, कितीदा मिटायचं, याला गणती नव्हती. विम्यावाल्याकडे वर्षात जेवढं काम झालं नसेल तेवढं ती आठवड्यात करून घ्यायची. आणि मला ते आवडायचं हो! कामाला लाज नाही. पण कामाला विसावा आणि विचारपूस लागते, आणि ती विचारपूस करणारा हात आता खिडकीजवळ बसला होता. कापड नाही, पुसणं नाही. धूळ रबर खाते, हे ज्याने शिकवलं त्याच्याच गाडीत धुळीने आमचं रबर खाल्लं.

आधी उजवा गेला. त्याच्या दांडीवर तेलाचा ओला वेढा दिसायला लागला. कडं फाटलं होतं. त्याचा जीव थोडाथोडा निसटत होता, आवाजसुद्धा न करता. मी त्याला हाका मारायचो, पण एका दाराच्या दोन टोकांना लटकलेल्यांनी एकमेकांसाठी काय करावं? एके सकाळी तो नुसता नळीसारखा दाराबरोबर वर गेला आणि दाराबरोबर खाली आला. सगळं वजन माझ्यावर. दार तिरकं व्हायला लागलं, बिजागरी कुरकुरायला लागली.

थंडीत तर माझी दैनाच. गारठ्यात आतला वायू आकसतो आणि आमचं बळ निम्मं होतं. बाई ताका काढायला वाकली की दार हळूहळू तिच्या डोक्यावर टेकायचं. ती ते डोक्यानेच वर ढकलायची आणि म्हणायची, "मेल्या, माझ्याच डोक्यावर मिरे वाटायचेत होय तुला?" तिला राग यायचा नाही. रागवायला लागणारी शक्तीसुद्धा ती ताक्यांसाठी राखून ठेवायची.

शेवटी तिने पडद्याची एक जुनी लाकडी दांडी कापून टेकू केला. दार उचलायचं, टेकू लावायचा, सामान काढायचं, टेकू काढायचा, दार मिटायचं. आधी एका हाताचं काम होतं, आता त्याला दोन हात, एक गुडघा आणि नशीब लागायला लागलं.

एकदा तिचा भाऊ आला. लेकीचा हा मामा टॅक्सी चालवायचा आणि बोलण्यात कोणाला हार जायचा नाही. तो टेकू बघून आधी पोट धरून हसला. मग घरात डोकावून मोठ्याने म्हणाला, "भावजी, तुमची डिकी काठी टेकायला लागली की हो! आता चष्मा आणि कवळी तेवढी राहिली."

टर्नर बाहेर आला. हसायचा प्रयत्न केला त्याने, पण ते हसू काही चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. "दांडे मिळत नाहीत या मॉडेलचे," तो म्हणाला.

"मिळत कसे नाहीत?" मामाने टॅक्सीतून एक लांबट खोकं काढून त्याच्यापुढे धरलं. "हे काय. जोडी आहे. ताईनेच सांगितलं होतं मला आणायला. सरका जरा, उभ्या उभ्या लावून देतो."

मी ते खोकं पाहिलं आणि मला हायसं वाटलं. आपली जागा घेणाऱ्याला बघून कोणाला हायसं वाटेल का? मला वाटलं. इतका दमलो होतो मी.

पण टर्नरचा चेहरा बदलला. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग खोकं मामाच्या हातातून घेतलं. "माझ्या गाडीला मी सोडून कोणी हात लावायचा नाही. रविवारी बसवतो."

मामाने बहिणीकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. खोकं फळीवर गेलं. हीच फळी, जिच्यावर मी आता पडलोय.

रविवार आला. गेला. पुढचाही गेला. खोक्यावर धूळ बसली. टर्नर कधीकधी शेडमध्ये यायचा, खोक्याकडे बघायचा, हत्यारांच्या पेटीवर हात ठेवायचा. पेटी उघडायचा नाही. मी मनात म्हणायचो, उघड रे बाबा, एक चपटा पेचकस पुरतो, तुला माहीत आहे! तो परत फिरायचा. मला वाटतं, त्याला काम अवघड वाटत नव्हतं. हे काम झालं की उद्या करायला काहीच उरणार नाही, याची त्याला भीती असावी. किंवा आपल्याला आता एवढंही जमणार नाही, हे कळण्याची. मी लोखंड आहे, मला काय कळणार. पण खोक्याकडे बघून परत जाणारी त्याची पाठ मी पुष्कळदा पाहिलीय.

लेक मात्र तापट. एका संध्याकाळी कॉलेजातून आली ती तडक शेडमध्ये, दप्तर खांद्यावर तसंच. हातात पेचकस. फळीवरून खोकं ओढलं आणि फोडणार, एवढ्यात आई मागे उभी.

"ठेव ते."

"आई, मी मोबाईलवर सगळं बघितलंय. दार धरायचं, ही बारकी कडी उचकटायची, दांडा ओढायचा, नवा दाबायचा. चहाला उकळी येईपर्यंत होईल."

"ठेव म्हणते ना."

"का पण?"

"ते करणार म्हणालेत."

"ते काय काय करणार म्हणालेत! नळ करणार म्हणाले, पंखा करणार म्हणाले..."

"नळ मी माणूस बोलावून करून घेतला," आई हळू आवाजात म्हणाली, घराच्या खिडकीकडे बघत. "आठवतं ना? त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कोणावर चिडले नाहीत, काही नाही. मला म्हणाले, बरं झालं, पाणी यायला लागलं. असं म्हणाले गं, की मला वाटलं मी त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलं. या घरात त्यांच्या नावावर आता हे एक काम उरलंय. ते तरी राहू दे."

"आणि दार तुझ्या डोक्यात पडलं तर?"

"माझं डोकं घट्ट आहे. तुझ्या बाबांशी लग्न केलंय मी."

लेक हसली नाही. "हा प्रेमाचा प्रकार मला समजत नाही आई. ते पडू नयेत म्हणून तू दाराखाली उभी राहणार?"

"समजेल. नाही समजलं तरी चालेल. आत चल."

खोकं परत फळीवर गेलं. मी त्या मुलीच्या बाजूचा होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो, की बाई, तू चुकतेयस! माणसाचा अभिमान सावरायला असं टनाचं दार डोक्यावर घेऊ नकोस! पण आमच्यासारख्यांचं ओरडणं म्हणजे एक बारीक कुरकुर. ती रोज ऐकू येत होती. तिची सगळ्यांना सवय झाली होती.

ज्या सकाळी ते घडलं ती सकाळ गारठलेली होती, आणि रात्री पाऊस झाल्यामुळे शेडमध्ये ओल होती. लेक कॉलेजला गेली होती. बाईला कुठल्याशा नव्या घरात पडदे टांगायचे होते. तिने दार उचललं, टेकू लावला आणि ताके आत सरकवायला लागली. एक ताका शिडीच्या पायात अडकला. उजव्या हाताने डिकीच्या कडेचा, जिथे कुलपाचं लोखंड असतं तिथला, आधार घेऊन ती डाव्या हाताने ताका ओढायला लागली. ताका सुटला आणि टेकूला लागला. ओल्या कडेवरून टेकू सटकला.

मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. पण लावायला माझ्यात उरलं होतं काय? माझ्यातून एक हलकासा उसासा निघाला आणि दार गेलं.

ती किंचाळली नाही. "अहो," म्हणाली फक्त. "अहो."

टर्नर कसा आला मला माहीत नाही. खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि तो आलाच, अनवाणी. त्याने दार उचललं. तिने हात काढून पोटाशी घेतला आणि ती तिथेच ओल्या फरशीवर बसली. अंगठा आणि मनगट, दोन्ही चेंगरली होती. आणि टर्नर दार वर धरून उभा. तसाच उभा. तिला उचलावं तर दार सोडावं लागणार, दार सोडावं तर... हात निघाला होता, दाराखाली आता कोणी नव्हतं, पण हे त्याच्या लक्षातच येईना. दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे तिच्यावर.

"सोडा आता," तीच खालून म्हणाली. "निघाला माझा हात. सोडा, आणि किल्ली आणा."

मग गाडी दवाखान्यात गेली. परत आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

लेक संध्याकाळी घरी आली. शेडमध्ये येऊन तिने टेकूची लाकडी दांडी उचलली आणि गुडघ्यावर आपटून मोडायला बघितली. मोडली नाही. मग ती दाराला पाठ लावून खाली बसली आणि रडली. ती चिडून रडत होती. मला तिचा चिडका चेहरा आवडायचा. त्या घरात चिडणारं एक तरी माणूस आहे, याचा मला आधार वाटायचा.

त्यानंतरच्या एका दुपारी टर्नर शेडमध्ये आला. त्याने खोकं काढलं, धूळ फुंकली, पेटी उघडली. पेटीच्या बिजागरीनेसुद्धा आवाज केला, इतक्या दिवसांनी. लेक आली. "तू फक्त दार धर," तो म्हणाला. बाईही आली, स्टूलवर बसली, प्लास्टरचा हात मांडीवर.

आधी उजवा निघाला. त्याच्या टोकाच्या खोबणीवरची बारकी तारेची कडी पेचकसाने उचलली, ज्या लोखंडी गोळ्यावर ती खोबण बसते त्यावरून त्याला ओढलं आणि तो सुटला. दाराला काही फरक पडला नाही. तो कधीचाच गेला होता. मग माझी पाळी. टर्नरचा पेचकस सटकला. कडी उडाली आणि कुठेतरी घरंगळली. मी सुटलो. त्याने मला हातात घेतलं, माझी दांडी जमिनीवर टेकून दाबली. मी आत गेलो. परत आलो नाही.

"संपलाय," तो म्हणाला. आणि शर्टाच्या टोकाने त्याने माझी दांडी पुसली. का पुसली? आता काय उपयोग होता? पण त्याने पुसली, आणि मग मला फळीवर ठेवलं.

नवा डावा त्याने घेतला, खालच्या गोळ्यावर दाबला, मग वरच्या. दोन वेळा टक् टक् झालं. बघतो तर काय, जाड नळकांडं खाली आणि बारीक दांडी वर! आम्ही बसतो ते उलट. दांडी खाली असावी लागते. दार मिटल्यावर आतलं तेल रबराच्या कड्यापाशी उतरतं, कडं ओलं राहतं, म्हणून आम्ही जगतो. उलटं बसवलं की कडं सुकतं आणि जीव निसटतो. हे टर्नरला माहीत नसेल? लहान लेकीला ग्रीसवरून समजावणारा माणूस तो. पण त्या दिवशी त्याचे डोळे दांड्यावर नव्हतेच. ते सारखे स्टुलाकडे जात होते.

लेकीच्या लक्षात आलं. तिने खोक्यावरच्या चित्राकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. आईने मान हलवली. एवढीशी. नको बोलूस.

दार धरून उभ्या असलेल्या त्या पोरीचे ओठ एकदा उघडले, मिटले. मी फळीवरून बघत होतो. माझा जीव उरला असता तर तो टांगणीला लागला असता.

"बाबा, उलटा बसलाय," ती म्हणाली.



"असू दे गं," बाई घाईघाईने म्हणाली. "दार वर राहिल्याशी कारण. चालेल."

टर्नर दांड्याकडे बघत राहिला. "नाही चालत," तो म्हणाला. "कडं सुकतं. थोडे दिवस धरेल आणि मग परत तुझ्यावरच येईल." मग तो बायकोकडे वळला. "तुला दिसलं होतं?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"हिला खुणावलंस ते दिसलं मला."

ती प्लास्टरवरचा एक धागा दुसऱ्या हाताने ओढत राहिली.

"किती दिवस असं चालवून घेतेयस माझं?"

या प्रश्नाला त्या बाईने काहीतरी उत्तर द्यावं, चिडावं, रडावं, असं मला फार वाटलं. ती फक्त म्हणाली, "अहो, गार पडतंय. आटपा लवकर."

टर्नरने पेचकस लेकीपुढे धरला. "घे. तू बसव. मी दार धरतो." लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीच करा, मी नुसतं सांगितलं." तो म्हणाला, "घे गं. माझा हात स्थिर नाही आज." आणि त्याने खांदा दाराखाली घातला. तिने उलटा दांडा काढला, सरळ लावला, दुसराही लावला. तोवर तो मान खाली घालून उभा होता, आमच्यासारखाच. घाम त्याच्या नाकावरून थेंबथेंब पडत होता. "झालं बाबा, सोडा," असं ती म्हणाली तेव्हा त्याने खांदा काढला. दार जागच्या जागी राहिलं. टाळी कोणी वाजवली नाही.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. नवे दांडे आले, बापलेक एक झाले. मलाही तसं सांगून निरोप घ्यायला आवडलं असतं. पण मी इथे फळीवर पडून रोज बघतोय.

प्लास्टर निघालं. अंगठा वळत नाही. तिची मोठी कात्री तिच्या हातात बसत नाही. आता टर्नर कापड कापतो. ती शेजारी उभी राहून खडूची रेघ दाखवते, आणि तो लोखंड कातल्यासारखा दात आवळून कापतो. "अहो, कापड आहे ते, पळून जाणार नाही!" ती म्हणते. चांगलं कापड वाया गेलं त्यापायी. दोन जुनी गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. लेक कॉलेजातून आली की उरलेल्या शिलाईला बसते. तिची पुस्तकं शिलाई मशीनच्या टेबलाखाली असतात, असं ती मामाला सांगत होती. मामाने त्यावर एकही विनोद केला नाही.

भंगारवाला एकदोन दिवसांत येईल म्हणे. त्याला एवढं सांगा, मला आगीत टाकू नकोस, भोक पाडू नकोस. मेल्यासारखा दिसलो तरी आत थोडा दाब राहतो, तो एकदम बाहेर आला तर इजा करतो. आणि तुम्हालाही एक सांगायचंय, मग मी गप्प होतो. तुमच्या घरात दार वर धरून उभं असलेलं कोणीतरी असेलच. ते कुरकुरतंय का, हे एकदा थांबून ऐका. आणि ऐकू आलं तर रविवारची वाट बघू नका. कोणाला वाईट वाटेल म्हणूनही थांबू नका.

आज सकाळी दोघं कामाला निघाले. टर्नरने डिकी उघडली. दार वर गेलं, एका दमात, माझ्या उमेदीच्या दिवसांसारखं. बाई पुढे आली. तिने चांगला हात वर केला आणि दाराच्या कडेला लावून धरला.

"सोड," टर्नर म्हणाला. "नवे आहेत. पडायचं नाही ते."

"माहीत आहे."

"मग सोड ना."

"धरते हो. तुम्ही भरा सामान."

 मग त्याने एकेक ताका उचलून आत ठेवला, शिडी ठेवली, कात्री ठेवली. मध्येच त्याने एकदा वर पाहिलं. नवे दोघं ताठ होते, दार इंचभरसुद्धा हललं नव्हतं. तिच्या हातावर कसलंच वजन नव्हतं. तरी सगळं सामान भरून होईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.